संसर्ग कुणाकडून, कधी? रिपोर्ट सांगत नाही

रिपोर्टवर एकच ओळ ठळक अक्षरांत छापलेली असते : 'एचपीव्ही १६ – पॉझिटिव्ह'. बाई तो कागद घडी घालून कपाटात साड्यांच्या खाली सरकवते. डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितलेली असते, पण तिच्या डोक्यात वेगळंच चालू असतं : हे घरी सांगायचं कसं? आणि सांगितलं, तर 'हे आलं कुठून?' या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं?

त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच प्रयोगशाळेकडे नाही. एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणारा विषाणू; चाचणी फक्त आज तो सापडला एवढं सांगते. तो अनेक वर्षं न सापडता शरीरात दबून राहू शकतो आणि पुढे कधीतरी चाचणीत दिसतो. त्यामुळे लग्नाच्या पंधराव्या वर्षी आलेला पॉझिटिव्ह रिपोर्ट बाहेरख्यालीपणाचा पुरावा ठरत नाही, ना तिच्या, ना त्याच्या.

हा संसर्ग 'तसल्या' लोकांनाच होतो, हा समज तर उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, खेड्यांनीच खोडून काढला आहे. तिथे १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय त्यात होतं. एचपीव्ही चाचणी झालेल्यांपैकी साधारण दहातल्या एकीत विषाणू सापडला. या शेतात राबणाऱ्या, लेकुरवाळ्या बायका होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : आयुष्यात एकदाच केलेल्या या चाचणीमुळे त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्या रिपोर्टची लाज वाटते, त्यानेच जीव वाचवले.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर, असंही नाही. बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच निपटून काढतं. उरलेल्या थोड्यांचा कॅन्सर व्हायलाही सहसा दहा-वीस वर्षं लागतात, आणि त्याआधीचे बदल सापडले तर उपचाराने काढून टाकता येतात. म्हणून पुढची तपासणी टाळणं हाच खरा धोका.

'मग यांचीही टेस्ट करू' हे ओघानेच येतं. पण पुरुषांसाठी अशी नेहमीची मान्यताप्राप्त चाचणी नाही. कंडोमने धोका घटतो, संपत नाही. विषाणू त्वचेच्या स्पर्शाने पसरतो आणि सगळी त्वचा काही झाकली जात नाही. गुप्तांगावरच्या चामखिळी बहुधा एचपीव्हीच्या ६ आणि ११ या वेगळ्या प्रकारांमुळे येतात. त्या दिसत असतील तर मात्र जोडीदाराला सांगायलाच हवं आणि उपचार होईपर्यंत संबंध टाळावेत.

लसीबद्दलही घोळ आहे. ती असलेला संसर्ग घालवत नाही, पुढचा रोखते. म्हणून ९ ते १४ हे वय उत्तम. पुण्यात तयार झालेली 'सर्व्हाव्हॅक' लस मुलग्यांनाही देता येते.

आणि सांगायचं कसं? कबुलीजबाबासारखं नक्कीच नाही. "अहो, माझ्या तपासणीत एचपीव्ही निघालाय. खूप जणांना होतो. तुमच्याकडून की माझ्याकडून, कधी, ते कळत नाही. गुरुवारी कॉल्पोस्कोपी आहे, सोबत याल?" एवढं पुरतं. कॉल्पोस्कोपी म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहणं. बहुधा दहा-पंधरा मिनिटांत होतं, पूर्ण भूल द्यावी लागत नाही, आणि दोघं लगेच घरी परतू शकतात.