उपग्रहाला रस्ता माहीत नसतो!

समजा, मंगळवार आहे आणि संध्याकाळचे सहा वाजलेत. तुम्ही आई-बाबांबरोबर जबेल अलीच्या देवळातून शारजाला घरी निघाला आहात. बाबांना नेहमीचा शेख झायेद रोड, म्हणजे ई ११ घ्यायचाय. पण फोनमधली बाई सांगते, एमिरेट्स रोडने, म्हणजे ई ६११ ने जा. बाबा वैतागतात. "केवढा हा वळसा! हिला कोणी सांगितलं?"

तुम्ही म्हणाल, उपग्रहाने, म्हणजे सॅटेलाइटने. पण गंमत अशी, की उपग्रहाला रस्ता माहीतच नसतो. शारजा कुठे आणि जबेल अली कुठे, हेही त्याला ठाऊक नाही.

मग तो करतो काय? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येकात अगदी अचूक घड्याळ असतं. तो सारखा एकच निरोप पाठवत राहतो : "मी इथे आहे, आणि आत्ता इतके वाजलेत." निरोप यायला किती वेळ लागला, त्यावरून फोन त्या उपग्रहाचं अंतर काढतो. चार उपग्रहांचे निरोप मिळाले, की आपण कुठे आहोत ते फोनला कळतं. तीन का पुरत नाहीत? कारण फोनचं घड्याळ तेवढं अचूक नसतं. त्याची चूक शोधायला चौथा उपग्रह लागतो. बस, उपग्रहाचं काम इथे संपलं! (उंच इमारतींवर आपटून निरोप उशिरा पोचला, तर निळा ठिपका शेजारच्या सर्व्हिस रोडवर उडी मारतो. तुम्ही पाहिलं असेल.)

आता रस्ता शोधायचा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने नकाशा म्हणजे नुसते ठिपके आणि रेघा. चौक, राउंडअबाउट, एक्झिट हे ठिपके. त्यांना जोडणारे रस्ते म्हणजे रेघा. प्रत्येक रेघेवर एक आकडा लिहिलेला असतो : इथून जायला किती मिनिटं लागतील.

यातून सगळ्यात कमी मिनिटांची वाट काढायची युक्ती एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञांनी १९५६ साली शोधली. ॲमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमल्यावर ते होणाऱ्या बायकोबरोबर कॅफेत कॉफी प्यायला बसले होते. तिथे त्यांनी वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, ही युक्ती मनातच रचली!

आपण मात्र कागद घेऊया. घरापासून राउंडअबाउट ५ मिनिटांवर आहे आणि पूल ८ मिनिटांवर. राउंडअबाउटपासून शाळा ३० मिनिटं, पुलापासून २० मिनिटं. नेहमी सगळ्यात लहान आकड्याचा ठिपका आधी उचलायचा. म्हणून पहिला राउंडअबाउट. तिथून शाळा किती? ५ आणि ३०, म्हणजे ३५. शाळेपुढे ३५ लिहा. मग पूल. तिथून शाळा ८ आणि २०, म्हणजे २८. आता ३५ खोडा आणि २८ लिहा. उरलेल्यांत २८ सगळ्यात लहान, आणि तीच शाळा. झालं! जे आधी जवळ वाटलं, ते शेवटी लांब निघालं. खऱ्या नकाशात असे लाखो ठिपके असतात. म्हणून ॲप मोठ्या रस्त्यांचा बराचसा हिशेब आधीच करून ठेवतात.

पण मिनिटांचे आकडे येतात कुठून? तुमच्याआमच्याकडूनच. रस्त्यावरच्या गाड्यांमधले फोन किती वेगाने पुढे सरकतायत, ते ॲप पाहतं. फोन हळू सरकले, की आकडा वाढतो. मला वाटतं, खरी कमाल आणि खरी अडचणही इथेच आहे. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस घरात कोणालाही विचारा. यूएईत १९४९ पासून पावसाची नोंद ठेवतात. त्यात इतका पाऊस कधीच पडला नव्हता. शेख झायेद रोडचे काही भाग पाण्याखाली गेले, लोकांनी गाड्या तिथेच सोडल्या. आता विचार करा : एखाद्या रस्त्यावर एकही फोन हलत नाहीये. मग तो रस्ता मोकळा आहे, की बुडालाय? नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. कोणीतरी माणसानेच सांगावं लागतं, की बाबांनो, इथे येऊ नका.

आणि "चांगला रस्ता" म्हणजे तरी काय? जानेवारी २०२५ च्या अखेरीपासून दुबईत सालिकचे दर वेळेप्रमाणे बदलतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८ एका गेटला ६ दिरहम, एरवी ४, आणि रात्री १ ते पहाटे ६ फुकट. (रमजानमध्ये वेळा वेगळ्या असतात.) ॲपमध्ये "टोल टाळा" असं निवडलंत, तर गेट असलेल्या रेघा ते शक्यतो बाजूला ठेवतं.

तर बाबा किलोमीटर मोजत होते आणि फोन मिनिटं मोजत होता. मागच्या सीटवरून आई म्हणते, "अहो, जाऊ द्या ना. सालिक तरी वाचलं!" ती दिरहम मोजत होती.

करून पाहा : तुमच्या घरापासून आवडत्या दुकानापर्यंतचा ठिपक्या-रेघांचा नकाशा काढा. एकदा रेघांवर मिनिटं लिहा, एकदा दिरहम. दोन्ही वेळा एकच वाट येते का?