अलोऱ्यातला दिवा आणि चंद्रपूरचा कोळसा

चिपळूणहून कराडच्या रस्त्याला लागलं की कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी शिरगाव, अलोरे, पोफळी हा पट्टा येतो. कोयना जलविद्युत प्रकल्पाची वसाहत इथली, वीजगृहंही इथलीच. त्यामुळे जागतिक तापमानवाढीचा विषय निघाला की इथे एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे: आमच्याकडे वीज पाण्यावर होते. धूर नाही, राख नाही. मग आम्ही पंखा बंद केला काय आणि चालू ठेवला काय, हवेला काय फरक पडतो? दुसरी शंका तिच्या पाठोपाठ येते. जगात एवढे कारखाने, एवढी विमानं. त्यात एका घरातल्या दिव्याची काय मातब्बरी?

दोन्ही शंकांचं उत्तर मिळवायचं तर कोयनेचं पाणी कसं फिरतं, तिथपासून सुरुवात करावी लागते.

सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे, सातारा जिल्ह्यात शिवसागर जलाशय आहे. धरणाची साठवणक्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). कोयना नदी मूळची पूर्वेकडे, कृष्णेला मिळायला जाणारी. प्रकल्पात तिचं काही पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं आणि पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून कोकणात सोडलं. १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पहिली वीज तयार झाली. पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा हे पाणी वापरून झाले की ते कोळकेवाडी धरणात जमा होतं. तिथून पुन्हा शंभरेक मीटर खाली उतरताना तिसऱ्या टप्प्याची जनित्रं फिरवतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. सगळे टप्पे आणि धरणपायथ्याचं वीजगृह धरून क्षमता १,९६० मेगावॉट.

आता एक साधा हिशेब. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून उतरलं की वरच्या वीजगृहात एक-सव्वा युनिट वीज मिळते, कोळकेवाडीखाली आणखी पाव युनिट. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरून पाणी घाट उतरवलं, तरी दीड युनिटसुद्धा पुरतं हाती लागत नाही. बादलीभर थंड पाणी अंघोळीपुरतं तापवायला हीटरला साधारण अर्धा युनिट लागतं, हे शेजारी ठेवून पाहावं.

आणि पाणी हवं तेवढं वळवता येत नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेला सोडायच्या पाण्यावर मर्यादा घातली आहे: सर्वसाधारण वर्षी ६७.५ टीएमसी. बाकीचं पाणी पूर्वेच्या शेतीचं. हे वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. कणगीत वर्षाचं भात मोजून भरलं आणि पुढच्या सुगीपर्यंत ते पुरवायचं, तसा हा प्रकार आहे. म्हणून कोयना रात्रंदिवस पूर्ण ताकदीने चालवत नाहीत. तिला राखून ठेवतात, गरज पडेल तेव्हा वापरतात.

गरज कधी पडते? मुख्यतः संध्याकाळी. कोळशाची भट्टी थंड पडली तर पुन्हा पेटवून पूर्ण क्षमतेला आणायला कित्येक तास लागतात. पाण्याचं जनित्र काही मिनिटांत चालू होतं. राज्याची एकूण मागणी आणि एकूण निर्मिती क्षणोक्षणी जुळलेली ठेवावी लागते. ती जुळते की नाही हे विजेच्या ५० हर्ट्‌झ वारंवारतेवरून कळतं. राज्य भार प्रेषण केंद्रातले लोक हे आकडे पाहत बसलेले असतात. सूर्य मावळला की सौरऊर्जा झपाट्याने घटते आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी सुरू होतात. त्या वेळी कोयनेला हाक जाते.

पहिल्या शंकेचं उत्तर इथेच आहे. समजा अलोऱ्यातल्या सगळ्या घरांनी आज संध्याकाळी वीज वाचवली. कोयनेचं तेवढं पाणी आज कमी उतरेल. पण ते कायमचं वाचत नाही, वर्षाचा ६७.५ टीएमसीचा कोटा ठरलेला आहे आणि तो मेअखेरपर्यंत वापरलाच जाणार. आज न वापरलेलं पाणी उद्या किंवा फेब्रुवारीत वापरलं जाईल. त्या फेब्रुवारीच्या संध्याकाळी तेवढी वीज कोयनेने दिली की दुसऱ्या कुणाला तरी ती द्यावी लागणार नाही. तो दुसरा कोण? बहुतेक वेळा कोळसा. चंद्रपूर असेल, कोराडी असेल, परळी असेल. नेमकी कुठली भट्टी हे कुणीच बोट ठेवून सांगू शकत नाही, पण कोळसाच. राज्याच्या विजेत तोच मोठा वाटेकरी आहे आणि कमी-जास्त करायला शेवटी तोच उरतो. त्यामुळे पाण्याच्या विजेवर जगणाऱ्या गावाने वाचवलेलं युनिटसुद्धा हिशेबात कोळशाच्याच खात्यात जमा होतं. पाणी आपल्या वाशिष्ठीत आलं, म्हणून वीज आपली होत नाही. तारा सगळ्यांच्या एकच आहेत.

रत्नागिरी जिल्हा या बाबतीत लहानसं प्रदर्शनच आहे. डोंगरात कोयना, जयगडला कोळशावरचा १,२०० मेगावॉटचा प्रकल्प, आणि वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या अंजनवेलला गॅसवरचा. गॅस महाग पडतो, म्हणून तो प्रकल्प क्षमतेच्या मानाने कमीच चालतो.

एका युनिटामागे कार्बन डायऑक्साइड किती? देशातल्या सगळ्या विजेची सरासरी काढली तर साधारण ०.७ किलो. निव्वळ कोळशाच्या युनिटामागे ते किलोच्या घरात जातं. वाचवलेलं युनिट कोळशाचं असेल तर किलोचा हिशेब धरायला हरकत नाही. शिवाय तारांमधून येताना काही वीज वाटेत गळते; घरात एक युनिट वाचलं की तिकडे एकाहून थोडं जास्त वाचतं.

आता घरात शिरू. इथे बऱ्याच सल्ल्यांची गंमत होते, कारण लहान-मोठं एकाच पारड्यात टाकलं जातं. मोबाइलचा चार्जर सॉकेटमध्ये तसाच राहिला तर वर्षभरात फार तर एक-दोन युनिट जातात. म्हणजे गरम पाण्याच्या तीन-चार बादल्या. चार्जर काढावा, जरूर काढावा, पण तेवढ्याने पुण्य लागलं असं समजू नये. पंख्याकडे पाहा. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो. हल्ली मिळणारा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. कोकणातल्या दमट हवेत पंखा दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस सहज चालतो. वर्षाचे १६० युनिट वाचले, म्हणजे दीड क्विंटल कार्बन डायऑक्साइड. किंमत अडीच-तीन हजार, आणि एकदा लावला की रोज आठवण ठेवून काही करावं लागत नाही. माझ्या मते इथेच खरी मेख आहे. रोज संयम मागणारे उपाय दोन महिन्यांत गळून पडतात. एकदाच करून विसरता येणारे टिकतात.

वेळेचंही महत्त्व आहे. विहिरीचा पंप, कपडे धुण्याचं यंत्र, इस्त्री ही कामं दुपारी उरकली तर ती बरीचशी सौर विजेवर होतात. संध्याकाळी सातला केली तर कोयना आणि कोळसा यांच्यावर. २०२५ पासून महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरांना दिवसाच्या वापरावर सवलत देऊ केली आहे, ती याच कारणाने.

स्वयंपाकाचं गणित मात्र उलटं निघतं. गॅस सोडून इंडक्शनवर आलं की पर्यावरणाचं भलं झालं असं सरसकट सांगतात. १४.२ किलोचा सिलिंडर जळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला १२० ते १३० युनिट लागतील, आणि देशाच्या सरासरी विजेने त्याचे ८५-९० किलो होतात. म्हणजे आजच्या विजेवर गॅसच्या दुप्पट. छपरावर आपलं सौर पॅनेल असेल आणि स्वयंपाक दुपारी होत असेल तर चित्र पालटतं.

ते पॅनेल किती देतं? कोकणातला पावसाळा वजा धरून एक किलोवॉटचा संच वर्षाला हजार-बाराशे युनिट देतो असं धरू. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. अडचणी मात्र कागदावर दिसत नाहीत अशा आहेत. उतरत्या कौलांवर सांगाडा बसवणं जिकिरीचं, भोवती आंबा-फणसाची सावली, आणि वानरांना त्या काचेवर काय आवडतं ते त्यांनाच ठाऊक. सावली नको म्हणून मोठं झाड तोडून पॅनेल लावणं हा तर शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार.

दुसरी शंका राहिलीच: एका घराने काय होणार? याचं उत्तर तत्त्वज्ञानात शोधायचं कारण नाही, ते घडून गेलेलं आहे. ५ जानेवारी २०१५ला उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एलईडी बल्ब घाऊक विकत घेऊन स्वस्तात विकले. घाऊक खरेदीने दर कोसळला: शेकड्यांत असलेली खरेदीची किंमत दोनेक वर्षांत चाळीस रुपयांच्या खाली आली. एकूण ३६ कोटींहून जास्त बल्ब गेले. सरकारच्या अंदाजाने त्यातून वर्षाला ४,७०० कोटी युनिटहून अधिक वीज वाचते. कोयनेचे ६७.५ टीएमसी म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर पाणी. आपल्या मघाच्या हिशेबाने त्याची वीज २७० कोटी युनिटच्या आसपास भरते. होल्डरमधला बल्ब बदलून पंधराहून जास्त कोयना उभ्या राहिल्या. सरकारी अंदाज सढळ असतात. प्रत्येक बल्ब ठरल्या तासांइतकाच जळतो असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. म्हणून निम्मा आकडा सोडून द्या. तरी सात-आठ कोयना उरतात, बोगदा न खणता आणि गावं न उठवता.

पण हेही खरं की यात एकट्या ग्राहकाचं श्रेय नाही. बल्ब स्वस्त कुणीतरी केला, म्हणून तो लोकांनी घेतला. आणि लोकांनी घेतला म्हणून तो स्वस्त राहिला. तीच गोष्ट पंख्याची. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे पाहून लोक यंत्रं निवडू लागले, तेव्हा कंपन्यांनी ती सुधारली. उत्पन्न वाढलं की बचतीचे पैसे एसीत जातात, हाही अनुभव आहे. आणि सरासरी भारतीय माणसामागे वर्षाला कार्बन डायऑक्साइड निघतो दोन टनांच्या आसपास, अमेरिकन माणसामागे सुमारे चौदा; अलोऱ्यातल्या घराने पंखा बदलावा, पण अपराधी वाटून घेऊ नये.

विजेपेक्षा मोठं एक खातं कोकणी माणसाच्या नावावर आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडं आहे. डोंगरउतारावरचं बहुतेक जंगल खाजगी, सातबाऱ्यावरचं. ठेकेदार येतो, उभ्या झाडांचा सौदा होतो, लाकूड बॉयलरला आणि भट्ट्यांना जातं. खोडांना फुटवे येतात आणि दहा-बारा वर्षांत पुन्हा तोड. वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो. एक टन वाळलं लाकूड जळलं की सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बीएलडीसी पंख्याची बारा वर्षांची बचत एका टनात संपली, आणि एका तोडीत ट्रकच्या ट्रक जातात. जंगल पुन्हा वाढलं तर कार्बन परत शोषला जातो हे मान्य. पण मोठं व्हायच्या आत दरवेळी तोडलं तर तो साठा कधी भरतच नाही.

इथे सामान्य माणूस म्हणजे ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे तो. नावं वीस-वीस असतात, निम्मी मुंबईत, आणि तोडीतून वाट्याला येणारी रक्कम कित्येकदा गणपतीच्या प्रवासखर्चाएवढीही नसते. शेजारच्या संगमेश्वर तालुक्यात अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या पुण्याच्या संस्थेने जंगल न तोडण्याबद्दल मोबदला देणारे करार मालकांशी केले आहेत. असा करार हाताशी नसेल, तरी सह्या करणाऱ्यांपैकी एकाने नकार दिला की सौदा अडतो. सामायिक मालकीचा एवढा तरी उपयोग.

भाताच्या राबासाठी कवळ (पाल्याच्या डहाळ्या) तोडून भाजावळ करतात, तिला हल्ली बरीच नावं ठेवली जातात. तो पालापाचोळा एरवीही वर्ष-दोन वर्षांत कुजून हवेतच गेला असता, त्यामुळे हवेच्या हिशेबात ती फार मोठी नाही. वणवा वेगळा. फेब्रुवारीनंतर काजूच्या बागेतून किंवा गवताळ माळावरून सुटलेली आग रोपं, फुटवे, जमिनीवरचा पाला सगळं नेते आणि जंगलाचं वय पुन्हा शून्यावर आणते. त्यावर उपाय जाळरेषेचा: बागेभोवती आणि जंगलाच्या कडेने काही फूट रुंदीचा पट्टा गवत काढून साफ ठेवायचा. हे काम गवत पुरतं वाळायच्या आत, थंडीतच उरकावं लागतं, आणि शेजारच्या मालकाने आपल्या बाजूने केलं नाही तर अर्धं वाया जातं.