बळ ज्वारीचे, शब्द लॅटिनचा

परभणी : येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण प्रसारित केला. 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या या वाणाला 'बायोफॉर्टिफाइड' असे म्हटले जाते. शब्द बोजड वाटतो. परंतु त्याची फोड केली असता आत लॅटिनमधील एक नित्याचे विशेषण सापडते. ते म्हणजे 'फॉर्टिस', अर्थात बलवान, खंबीर, शूर.

या विशेषणाचा वाक्यातील उपयोग मराठी वाचकाला परका वाटू नये. 'विर फॉर्टिस एस्ट' म्हणजे 'पुरुष बलवान आहे'. यातील 'विर' आणि आपला 'वीर' यांचे मूळ एकच. 'फेमिना फॉर्टिस एस्ट' म्हणजे 'स्त्री बलवान आहे'. येथे रूप बदलत नाही. मात्र 'आनिमाल फॉर्टे एस्ट' (प्राणी बलवान आहे) या वाक्यात नाम नपुंसकलिंगी असल्याने 'फॉर्टे' होते. पुरुष अनेक असतील, तर 'विरी फॉर्टेस सुंट'. मराठीप्रमाणेच लॅटिनमध्येही लिंगे तीन. आपल्याकडे 'चांगला, चांगली, चांगले' असे विशेषण बदलते, तर 'शूर' तसेच राहते. 'फॉर्टिस' या दोहोंच्या मधले आहे.

किल्ल्याला 'फोर्ट' म्हणतात तो याच शब्दावरून. मुंबईतील फोर्ट भागाचे नावही त्यातूनच आले. 'फॉर्टिस'ला 'करणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाची जोड मिळून 'फॉर्टिफाय', म्हणजे बळकट करणे, हा शब्द घडला. ग्रीक 'बायो' म्हणजे जीवन.

हा 'बायो' महत्त्वाचा आहे. मिठात आयोडीन वरून मिसळले जाते. ते केवळ फॉर्टिफिकेशन. 'परभणी शक्ती'त वरून काहीही मिसळलेले नाही. पारंपरिक पैदास पद्धतीने निवड करून दाण्यातीलच पोषकद्रव्ये वाढविण्यात आली आहेत. प्रचलित ज्वारीत किलोमागे सरासरी ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असते. या वाणात ते प्रमाण अनुक्रमे ४५ आणि ३२ मिलिग्रॅम आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. लोहाची कमतरता हे त्यामागील एक प्रमुख कारण. त्यामुळे 'बायोफॉर्टिफाइड' म्हणजे औषध मिसळलेले धान्य, असा गैरसमज होऊन ग्राहकाने पाठ फिरविणे परवडणारे नाही. विद्यापीठाच्या वाणाला लाभलेले 'शक्ती' हे नाव त्या लॅटिन विशेषणाच्या अर्थाशी नेमके जुळते. घरातील भाकरीला ते कळण्यासाठी शब्दकोशाची गरज नाही.