खेळाचे नियम कोणाच्या हातात? छापील पुस्तक आणि मोबाइलची स्क्रीन

रविवारी दुपारी आमच्या अभ्यासिकेत फारसे कोणी नसते. तेव्हा आम्ही सहा-सात जण मोठ्या टेबलाभोवती बसून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांनी हे नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा सोंगट्यांचा खेळ नाही आणि व्हिडिओ गेमही नाही. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होतात. "समोरचा पूल तुटलेला आहे, पलीकडे दिवा दिसतोय, काय करता?" असे तो विचारतो आणि आपण ठरवतो. ते जमले की फसले याचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये आला तेव्हा एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या. आज २०२४ च्या आवृत्तीतील एकट्या 'प्लेअर्स हँडबुक'ची ३८४ पाने आहेत.

नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो की, पुस्तक घ्यायचे की ॲपवर भागेल? आम्ही आधी याचे उत्तर खिशाकडे बघून देत होतो. तीन मुख्य पुस्तकांची अमेरिकेतील छापील किंमत प्रत्येकी ४९.९९ डॉलर आहे, म्हणजे तिन्ही मिळून बारा हजार रुपयांच्या पुढे. स्पर्धा परीक्षेची पुस्तके जुन्या बाजारातून घेणाऱ्या मुलांना हा आकडा सांगताना आपल्यालाच संकोच वाटतो. त्यामुळे "मोबाइल आहे ना, मग झाले" असे म्हणून आम्ही विषय मिटवायचो. पण वर्षभर खेळल्यावर लक्षात आले की किमतीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. आपण जे नियम वाचतो ते कोणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

आधी स्क्रीनच्या बाजूचे खरे मुद्दे मान्य करू, कारण पुस्तकप्रेमी मंडळी ते मान्य करत नाहीत. २०१४ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये लिच नावाचा राक्षस आहे. मेल्यावरही जादूच्या बळावर टिकून राहिलेला हा जादूगार. त्याच्या माहितीत वीसहून अधिक जादूंची फक्त नावे दिली आहेत. प्रत्येक जादू नेमके काय करते, ते दुसऱ्याच पुस्तकात, प्लेअर्स हँडबुकच्या अकराव्या प्रकरणात आहे. ऐन लढाईत डंजन मास्टर दोन जाडजूड पुस्तके उघडी ठेवून पाने उलटत बसतो, आणि बाकीचे चहा सांगायला उठतात. ॲपवर त्या नावावर बोट ठेवले की माहिती समोर येते. एखाद्याला धरून ठेवण्याचा नियमही तसाच. २०१४ च्या पुस्तकात धरण्याची कृती लढाईच्या प्रकरणात आहे आणि धरले गेल्यावर काय होते ते परिशिष्टात. २०२४ च्या आवृत्तीत नियमांची वर्णानुक्रमे सूची दिल्याने त्रास बराच कमी झाला, तरी शोधण्याच्या बाबतीत कागद स्क्रीनला हरवू शकत नाही. आमच्यातील एका मित्राची दृष्टी कमजोर आहे. तो अक्षरे मोठी करून किंवा मोबाइलकडून वाचून घेऊन खेळतो. त्याला छापील पुस्तकाचे कौतुक सांगायला जाऊ नये. आणि नोकरीसाठी बाहेरगावी गेलेले दोघे जण रोल२० सारख्या संकेतस्थळामुळेच अजून आमच्यासोबत आहेत.

मात्र ॲपवरच खेळ शिकलेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसली. पात्राची ताकद १६ असेल तर फाशात ३ मिळवायचे. पहिल्या पातळीवर सरावाचे २. म्हणजे तलवार चालवताना फाशात ५ मिळवायचे. समोरच्या गॉब्लिनचे चिलखत १५ असेल तर फाशावर १० किंवा अधिक पडायला हवेत. इतका साधा हिशेब आहे. ॲप तो स्वतः करून '+५' असे बटण दाखवते. तीन महिने ते बटण दाबणाऱ्या एकाला आम्ही विचारले, हे पाच आले कुठून? त्याला सांगता आले नाही. ज्यांनी सुरुवातीला कागदावर पेन्सिलीने पात्र लिहिले होते, ते डंजन मास्टरच्या चुकाही काढतात. म्हणून आता पहिले पात्र कागदावरच लिहायचे, असा आमच्याकडे दंडक आहे. पुढचे पात्र हवे तिथे लिहा.

आता ताब्याचा विषय. आमच्या गटातील एका मित्राने एका डिजिटल सेवेवर पुस्तके विकत घेतली होती आणि मासिक वर्गणी भरून ती आम्हा सर्वांना उघडी करून दिली होती. नोकरी बदलताना त्याने वर्गणी थांबवली. पुढच्या रविवारी आमच्यापैकी कोणालाच ती पुस्तके उघडेनात. अटी तशाच होत्या, आम्ही वाचल्या नव्हत्या इतकेच. पण त्याने छापील पुस्तके घेतली असती तर ती अभ्यासिकेच्या कपाटात राहिली असती.

खेळाच्या इतिहासात हे मोठ्या प्रमाणावर घडले आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सची मालकी असलेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने एप्रिल २००९ मध्ये चोरट्या प्रतींचे कारण देऊन आपल्या पुस्तकांच्या पीडीएफची विक्री अचानक थांबवली. ज्यांनी पैसे भरून प्रती घेतल्या होत्या, त्यांनाही त्या दुकानांतून पुन्हा उतरवून घेता येईनात. अधिकृत पीडीएफ परत मिळू लागल्या त्या २०१३ मध्ये. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये, नवीन आवृत्ती येत असताना, डी अँड डी बियाँड या कंपनीच्या डिजिटल सेवेने जाहीर केले की खेळाडूंच्या पात्रांच्या कागदांवरील जुन्या जादू आणि जादुई वस्तूंच्या जागी नव्या आवृत्तीतील मजकूर येईल. जुना हवा असेल तर तो हाताने पुन्हा भरा. खेळाडू इतके संतापले की काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. कपाटातल्या २०१४ च्या पुस्तकाला मात्र या घोषणेची दखलही घ्यावी लागली नाही.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की खेळातल्या जादूवरून एवढे काय? पुढची दोन उदाहरणे आम्ही मुद्दाम ठेवली आहेत.

'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स' या २०१६ च्या पुस्तकात ऑर्क नावाच्या प्राण्यांबद्दल मजकूर होता. त्याचा आशय असा की ऑर्क बालकाला माणसांनी प्रेमाने वाढवले तरी रक्तातला हिंसकपणा जात नाही. दया, माया त्याला शिकवता येते, पण थोडीच. जन्मावरून स्वभाव ठरवणारी ही वाक्ये आपल्याला कुठेतरी वाचल्यासारखी वाटतात, नाही का? डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने शुद्धिपत्र काढून तो भाग वगळला. २०२२ मध्ये 'स्पेलजॅमर' या संचात माकडांसारख्या दिसणाऱ्या हॅडोझी या लोकांची कथा आली. एका जादूगाराने त्यांना पकडले, औषध देऊन हुशार केले, विकायचा बेत केला आणि शेवटी त्या जादूगाराच्याच शिष्यांनी त्यांना सोडवले. कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीची आणि त्यांच्याविषयीच्या जुन्या अपमानकारक चित्रणाची ही छाया वाचकांनी लगेच ओळखली. पुस्तक ऑगस्टमध्ये आले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच कंपनीने माफी मागून तो भाग काढला.

दोन्ही वेळा डिजिटल प्रतीतील मजकूर बदलला. छापील पुस्तकांच्या आधी विकल्या गेलेल्या प्रती तशाच राहिल्या. यावर आमच्यात बराच वाद झाला. काहींचे म्हणणे, अपमानकारक मजकूर एका दिवसात सगळ्यांच्या स्क्रीनवरून जातो हीच डिजिटलची मोठी ताकद आहे. कागदावर तो पुढची पन्नास वर्षे नव्या मुलांच्या हाती पडत राहील. इतरांचे म्हणणे, मजकूर गेला तसा पुरावाही गेला. "आमच्या खेळात असे कधी नव्हतेच" असे उद्या कोणी म्हणाले तर दाखवायचे काय? आमचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. चुकीचा मजकूर सुधारावा, पण तो कोणी लिहिला होता, कधी बदलला, हे वाचकाला तिथेच दिसले पाहिजे. शुद्धिपत्र वेगळे असते आणि ते शोधून वाचणारे थोडे असतात. आणि चांगल्या कारणासाठी रातोरात मजकूर बदलू शकणारा हात दुसऱ्या कारणासाठीही बदलू शकतो, हे ऑगस्ट २०२४ ने दाखवले आहेच.

आमच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट जानेवारी २०२३ मध्ये घडली, आणि आपल्याकडे तिची फारशी चर्चा झाली नाही. २००० सालापासून एका खुल्या परवान्याखाली इतरांना या नियमांवर आधारित पुस्तके काढता येत होती. तो परवाना रद्द करून मोठ्या कमाईवर रॉयल्टी मागण्याचा मसुदा फुटला. जगभर निषेध झाला, अनेकांनी डिजिटल वर्गणी रद्द केली. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा एक मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. हा परवाना परत घेता येत नाही. श्रेय दिले की कोणीही हा मजकूर छापू शकतो, बदलू शकतो, विकूही शकतो. भाषांतरही करू शकतो. त्यात सगळे नाही. प्रत्येक वर्गाचा एकच उपप्रकार आहे, बिहोल्डरसारखे प्रसिद्ध राक्षस नाहीत. पण वर्षभर खेळायला ते भरपूर आहे.

म्हणजे बारा हजारांची गरज नाही आणि वर्गणीचीही नाही. ती पीडीएफ फुकट उतरवायची, लागतील तेवढी पाने झेरॉक्सच्या दुकानात काढायची आणि स्पायरल बाइंडिंग करायचे. आमच्याकडे अशा तीन प्रती आहेत. त्यांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले आमचे स्वतःचे नियम आहेत, एका पानावर चहाचा डाग आहे. डंजन मास्टरजवळ मोबाइल असतो, फक्त जादू शोधण्यापुरता. खेळाडूंचे मोबाइल टेबलावर उलटे ठेवलेले.

मराठी भाषांतरही सुरू केले आहे, आणि ते फाशांपेक्षा जास्त रंगते. 'स्पेल'ला 'मंत्र' म्हणायला निम्म्या गटाने नकार दिला. गावोगाव बुवाबाजीविरुद्ध बोलायचे आणि रविवारी मंत्र टाकायचे, हे त्यांना पटेना. शेवटी 'जादू' वर एकमत झाले. 'क्लेरिक'ला कोणीतरी 'पुरोहित' लिहिले होते, ते पाच मिनिटांत खोडले गेले. तो शब्द 'क्लेरिक'च राहिला.

खरी अडचण 'रेस' या शब्दाची आली. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या मजकुरात ड्वार्फ, एल्फ वगैरेंसाठी हा शब्द आहे आणि ड्वार्फला जन्मतःच शरीरबळात दोन अंक जास्त मिळतात. पहिल्या कच्च्या भाषांतरात एकाने सरळ लिहिले, "ड्वार्फ जात: जन्मतः +२". वाचताना टेबलावर आधी हशा पिकला आणि मग सगळे गप्प झाले. २०२५ मध्ये खुल्या झालेल्या नव्या मजकुरात 'रेस' जाऊन 'स्पीशीज' आला आहे आणि ते जादा अंक जन्मावरून न मिळता पात्राने आधी काय काम केले, काय शिकले त्यावरून मिळतात. त्यामुळे नवाच मजकूर घेऊन 'प्रजाती' लिहावे, असे काही जण म्हणतात. बाकीच्यांना जुना मजकूर जसाच्या तसा मराठीत आणून खाली टीप द्यायची आहे, म्हणजे खेळणाऱ्याला कळेल की पन्नास वर्षांच्या या खेळाने हे कधी आणि कसे बदलले. दोन्ही मजकूर खुले असल्याने दोन्ही करता येतील. या रविवारी जुन्या मजकुराचे ड्वार्फचे पान टिपेसह वाचायचे ठरले आहे.