लेकरांना बोलू द्या!

जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. आईबापांबरोबर कित्येक लेकरेही जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. मग वर्गात ती मान खाली घालून बसतात. "याला काहीच येत नाही," असा शेरा मिळतो.

येत नाही कसे? वस्तीत फिरताना आम्ही या लेकरांशी बोलतो. कोपी कशी उभारतात, मोळी कशी बांधतात, बैलांना वाढे कसे घालतात, हे ती घडाघडा सांगतात. वर्गात मात्र "मव्हं दप्तर घरी राह्यलं" म्हटले की हशा पिकतो. ते लेकरू पुन्हा तोंड उघडत नाही.

लेकरू आधी ऐकते, मग बोलते आणि त्या बळावर वाचायला शिकते. जो शब्द कधी कानी पडला नाही, तो पुस्तकात अक्षरे जुळवून वाचला तरी त्याचा अर्थ लागत नाही. म्हणून पहिली-दुसरीत बोलणे हा वेळकाढूपणा नव्हे, तो अभ्यासच होय.

गुरुजींनी, बाईंनी मध्येच टोकू नये. "असं का, तुझं दप्तर घरी राहिलं? मग आता कसं करायचं?" असे विचारावे. पुस्तकातली भाषा आपोआप कानावर पडते आणि लेकराचे पुढचे वाक्यही निघते. उत्तरासाठी थोडे थांबावे. दोघादोघांना आपसात बोलायला लावावे, म्हणजे मोठ्या वर्गातही प्रत्येकाची पाळी येते.

ही कुणाची मेहेरबानी नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २९ सांगते की, शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून व्हावे, मुलाच्या मनात भीती राहू नये आणि त्याला आपले मत मोकळेपणी मांडता यावे. कलम २१ प्रमाणे जिल्हा परिषदेच्या शाळेतील व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात.

मायबहिणींनो, त्या बैठकीला जरूर जा. "आमचं लेकरू वर्गात बोलतं का?" हे विचारा. घरी भाकरी थापताना त्याला शाळेतली हकीकत सांगू द्या आणि ती पुरी होईपर्यंत ऐका. "गप बस" हे शब्द आधी आपल्याच घरातून हद्दपार करू या. घरी ज्याचे ऐकले जाते, ते लेकरू उद्या वर्गात हात वर करील.