चेहऱ्याच्या पावडरीतील प्रमुख घटक : स्वरूप, कार्य व तुलना

प्रस्तावना :

फेस पावडर, कॉम्पॅक्ट, ब्लशर, आयशॅडो ही प्रसाधने बाजारात वेगवेगळ्या नावांनी व किमतींना मिळत असली, तरी त्यांतील घटकद्रव्ये बहुतांशी समान असतात. अलीकडे ‘टाल्कविरहित’, ‘खनिजयुक्त’, ‘नैसर्गिक’ अशा विशेषणांनी या प्रसाधनांची जाहिरात केली जाते व ग्राहक त्यांवरून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढतात. हा निष्कर्ष कितपत योग्य आहे, हे समजण्यासाठी घटकांचे स्वरूप व कार्य जाणून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात पावडरीतील प्रमुख घटकांचा परिचय करून देऊन त्यांची तुलना केली आहे.

अपेक्षित गुणधर्म :

चांगल्या पावडरीकडून मुख्यतः चार अपेक्षा असतात : ती त्वचेवर सहज पसरावी, चिकटून राहावी, घाम व तेल शोषून घ्यावी आणि त्वचेवरील डाग झाकावेत. हे चारही गुण एकाच द्रव्यात पुरेशा प्रमाणात आढळत नाहीत. म्हणूनच पावडर हे नेहमी अनेक द्रव्यांचे मिश्रण असते.

पसरणारी द्रव्ये :

टाल्क म्हणजेच शंखजिरे हे मॅग्नेशियमचे सजल सिलिकेट होय. भारतात त्याचे सर्वाधिक उत्पादन राजस्थानात होते. मोह्‌जच्या काठिण्यश्रेणीत त्याचे स्थान १, म्हणजे सर्वांत खालचे आहे. त्याच्या कणांतील थर परस्परांशी अत्यंत क्षीण बलांनी बांधलेले असल्याने ते एकमेकांवरून सहज घसरतात. टाल्कचा मऊ स्पर्श यामुळेच जाणवतो. अभ्रकाची रचनाही थरांचीच असते. परंतु त्याचे पातळ पापुद्रे प्रकाश परावर्तित करीत असल्याने त्वचेला चमक येते. तेलकट त्वचेवर ही चमक अधिकच उठून दिसते.

शोषक द्रव्ये :

मका किंवा तांदूळ यांचा स्टार्च घाम उत्तम शोषतो. मात्र ओलाव्याने त्याचे कण फुगतात व पावडरीच्या गुठळ्या होऊ शकतात. केओलिन, म्हणजे चिनी माती, तेल व ओलावा दोन्ही शोषते आणि चकाकी कमी करते. तिचा स्पर्श मात्र टाल्कइतका मुलायम नसतो. सिलिकाही तेल शोषण्यासाठी वापरली जाते. प्रसाधनांत अस्फटिकी सिलिका वापरतात. श्वासावाटे फुप्फुसांत जाणारी स्फटिकी सिलिका कर्करोगकारक मानली जाते. त्यामुळे हा भेद महत्त्वाचा आहे.

झाकणारी, चिकटविणारी व रंग देणारी द्रव्ये :

झाकण्याची क्षमता अपवर्तनांकावर अवलंबून असते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल रूपाचा अपवर्तनांक सुमारे २.७, झिंक ऑक्साइडचा सुमारे २.० आणि टाल्कचा सुमारे १.६ आहे. टाल्कचा अपवर्तनांक त्वचेवरील तेलाच्या जवळपास असल्याने तेलाने भिजलेली टाल्क जवळजवळ पारदर्शक होते, तर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर पांढराच राहतो. मॅग्नेशियम स्टिअरेट व झिंक स्टिअरेट ही द्रव्ये पावडर त्वचेला चिकटून राहण्यास मदत करतात. तांबड्या, पिवळ्या व काळ्या छटा लोहाच्या ऑक्साइडांपासून मिळतात. गेरूसारख्या नैसर्गिक मातीत शिसे व आर्सेनिक यांची अशुद्धी असू शकते. म्हणून प्रसाधनांसाठी सामान्यतः कारखान्यात तयार केलेली ऑक्साइडे वापरतात. येथे कृत्रिम द्रव्य नैसर्गिकापेक्षा अधिक विश्वसनीय ठरते. याउलट ‘खनिज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पावडरींतील बिस्मथ ऑक्सिक्लोराइड हे द्रव्य रासायनिक प्रक्रियेनेच बनविलेले असते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने तुलना :

टाल्कच्या साठ्यालगत काही ठिकाणी ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आढळते. ॲस्बेस्टॉसमिश्रित टाल्क कर्करोगकारक आहे, याविषयी मतभेद नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कचाही समावेश ‘संभवतः कर्करोगकारक’ अशा २-अ गटात केला. हे वर्गीकरण पुराव्याचे बळ दर्शविते; प्रत्यक्ष धोक्याचे प्रमाण सांगत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने २०२३ मध्ये जगभर आपल्या बेबी पावडरमध्ये टाल्कऐवजी मक्याचा स्टार्च वापरण्यास प्रारंभ केला.

तथापि, पर्यायही निर्दोष असतातच असे नाही. अभ्रकाचा प्रश्न आरोग्यापेक्षा सामाजिक स्वरूपाचा आहे. झारखंड व बिहारमधील अभ्रकाच्या बेकायदा खाणींत बालके काम करीत असल्याचे व काहींचा तेथे मृत्यू झाल्याचे २०१६ मध्ये वृत्तांकनातून उघड झाले. त्यानंतर २०१७ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संघटना स्थापन झाली. काही उत्पादक कृत्रिम अभ्रकाकडे वळले. शिवाय कोणतीही सूक्ष्म भुकटी, मग ती स्टार्चची का असेना, श्वासात जाणे अहितकारकच असते. त्यामुळे सुट्या पावडरीपेक्षा दाबून केलेली वडी या बाबतीत बरी. लहान मुलांजवळ सुटी पावडर उडविणे तर टाळावेच.

लेबलाचे वाचन :

भारतातील प्रसाधन नियम, २०२० नुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने नोंदवावे लागतात. म्हणजे यादीतील पहिली दोन-तीन नावे पावडरीचा मूळ आधार दर्शवितात. रंगद्रव्ये अनेकदा सांकेतिक क्रमांकांनी दिलेली असतात : ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ७७९४७ म्हणजे झिंक ऑक्साइड, ७७०१९ म्हणजे अभ्रक, तर ७७४९१, ७७४९२ व ७७४९९ ही अनुक्रमे लोहाची तांबडी, पिवळी व काळी ऑक्साइडे होत.

निष्कर्ष :

पावडरीतील प्रत्येक घटक विशिष्ट कार्यासाठी निवडलेला असतो व त्याचे गुण आणि मर्यादा त्याच्या रचनेतून उद्भवतात. ‘नैसर्गिक’ किंवा ‘टाल्कविरहित’ या शब्दांनी सुरक्षितता सिद्ध होत नाही. ती द्रव्याची शुद्धता, कणांचा आकार, वापरण्याची रीत व द्रव्याचा उगम यांवर ठरते. एक घटक वगळताना त्याच्या जागी कोणता आला, हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांत रुजविणे, हे विज्ञानशिक्षणाचेच एक कार्य होय.