मुंबईचीं उपाहारगृहें आणि त्यांचें आयुष्य

मनुष्याचें आयुष्य आपण वर्षांनीं मोजतों, घराण्याचें पिढ्यांनीं मोजतों. परंतु उपाहारगृहाचें आयुष्य कशानें मोजावें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. रस्त्यानें जातां-येतां एखाद्या दारावरची पाटी बदललेली दिसते, आंत औषधांचें वा कपड्यांचें दुकान थाटलेलें असतें, आणि "येथें पूर्वीं काय होतें बरें?" असें क्षणभर मनाशीं म्हणून आपण पुढें चालूं लागतों. देऊळ पडलें तर गांव गोळा होतो, शाळा बंद पडली तर अर्जविनंत्या होतात. चहाचें दुकान मिटलें तर त्याचें सुतक कोणी पाळीत नाहीं. वास्तविक गेल्या सव्वाशें वर्षांत मुंबईच्या माणसास या दुकानांनीं जितकें घडविलें, तितकें फार थोड्या संस्थांनीं घडविलें असेल. म्हणून त्यांच्या जन्ममरणाचा थोडा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चहाचा पेला आणि प्रायश्चित्त

"बाहेरचें खाणें" हे शब्द आजहि आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडीं किंचित् नाखुषीनेंच येतात. या नाखुषीचें मूळ जुनें आहे. 1890 सालच्या ऑक्टोबरांत पुण्यास पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव यांनीं गांवांतील प्रतिष्ठित मंडळींस तेथें बोलाविलें होतें. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटें पुढें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातीं धरून खालीं ठेविला. पुढें उपस्थितांचीं नांवें "पुणें वैभव" पत्रांत छापून आलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली, आणि न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांसहि प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावें लागलें.

ज्या समाजांत एका पेल्यानें एवढा गदारोळ माजला, त्याच समाजाचीं नातवंडें पुढें पन्नास वर्षांच्या आंत इराण्याच्या टेबलाशीं बसून पावास मस्का लावूं लागलीं. हें स्थित्यंतर कोणत्या सुधारकाच्या व्याख्यानानें झालें नाहीं. तें नोकरीनें, आगगाडीनें आणि भुकेनें घडवून आणिलें.

मधली पायरी होती ती आपल्याच लोकांनीं काढलेल्या उपाहारगृहांची. दादरचें मामा काणे यांचें उपाहारगृह 1910 सालचें. त्या काळच्या कित्येक पाट्यांवर "ब्राह्मणांचें" हा शब्द ठळक अक्षरांत असे. गांव सोडून चाकरीस आलेल्या तरुणास, "येथें खाल्लेंस तर घरीं आईला सांगतां येईल", असें तें अभयवचनच होतें. मात्र त्याच शब्दानें कितीकांस दाराबाहेर उभें केलें, हेंहि विसरतां कामा नये. 26 जानेवारी 1950 रोजीं भारताची राज्यघटना अंमलांत आली. तिच्या 15 व्या अनुच्छेदांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासहि अटकाव होऊं नये अशा जागा सांगतांना दुकानें, विहिरी आणि तलाव यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचाहि उल्लेख आहे. काळा घोडा भागांतील "वेसाइड इन" या उपाहारगृहांत डॉ. आंबेडकर बसत आणि घटनेचें कांहीं काम त्यांनीं तेथें केलें, असें सांगतात. ही गोष्ट ऐकिली म्हणजे त्या अनुच्छेदास एक निराळाच अर्थ येतो. पुढें त्याच जागीं कवि अरुण कोलटकर खिडकीबाहेरचा रस्ता न्याहाळीत बसत. त्यांतूनच 2004 सालीं प्रसिद्ध झालेला "काळा घोडा पोएम्स" हा इंग्रजी संग्रह उभा राहिला. तें उपाहारगृह मात्र या शतकाच्या आरंभींच मिटलें.

कोपऱ्यावरचे इराणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणांतील यझ्द व केरमान या प्रांतांतून जरथुष्ट्री लोक मुंबईस येऊं लागले. कोपऱ्याची जागा हिंदु व्यापाऱ्यांस अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यांस सहज मिळाली, असें म्हणतात. कारण कांहींहि असो, दोन रस्त्यांचें गिऱ्हाईक आणि दोन्हीं बाजूंचा उजेड-वारा त्यांच्या पदरीं पडला. संगमरवरी टेबलें, वाकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतींवर आरसे, बरण्यांतून खारी-बिस्किटें, आणि गल्ल्याशेजारीं साबणापासून दाढीच्या पात्यापर्यंत सर्व जिन्नस, असा त्यांचा थाट असे. धोबीतलावावरचें कयानी 1904 चें, ससानियन 1913 चें; बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया 1923 चें. ब्रिटानियाचे बोमन कोहिनूर अगदीं उतारवयांतहि टेबलाटेबलाशीं जाऊन गिऱ्हाइकांची विचारपूस करीत. 2019 च्या सप्टेंबरांत वयाच्या 97 व्या वर्षीं ते वारले.

इराण्याचा खरा गुण त्याच्या चहांत नव्हता, त्याच्या खुर्चींत होता. एका पेल्यावर तेथें कितीहि वेळ बसतां येई. समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसे, आणि त्याचें गोत्र विचारण्याचा प्रसंग येत नसे. कयानीसमोरचें बस्तानी मात्र 2004 च्या सुमारास बंद झालें. एके काळीं शहरांत शेंकड्यांनीं असलेलीं हीं दुकानें आज बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत.

खाणावळ आणि उडपी

गिरणगांवाची गोष्ट निराळी. कोंकण व घांट येथून आलेले हजारों कामगार बायकामुलें गांवीं ठेवून येथें राहत. त्यांचें पोट चालविलें तें चाळींतील खाणावळवाल्या बायांनीं. एका खोलींत चूल, तिच्याभोंवतीं दहा-वीस जेवणारे, आणि हिशोब महिन्याच्या पगारावर. या बायांस सावकाराच्या जाचांतून सोडविण्याकरितां प्रेमा पुरव यांनीं 1975 सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. पुढें जानेवारी 1982 मध्यें गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या जसजशा मिटत गेल्या, तसतशा खाणावळीहि विझल्या. जेवणारेच गेले, तर चूल कोणासाठीं पेटवावी?

माटुंग्याकडे याच्या उलट घडलें. दक्षिणेंतून आलेल्या कारकुनांच्या वस्तीभोंवतीं उडपी उपाहारगृहें उभीं राहिलीं. मध्वाचार्यांनीं प्रतिष्ठापिलेल्या श्रीकृष्णाच्या क्षेत्रांतील सोवळ्याच्या पाकशास्त्रानें मुंबईस इडली-डोसा दिला. रामा नायक यांनीं 1942 सालीं काढलेलें उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग केळीच्या पानावरच्या जेवणासाठीं प्रसिद्धीस आलें. उडप्यानें इराण्याहून वेगळें शास्त्र आणिलें: पदार्थ झटपट, पाणी आधीं, बिल लगेच. इराण्याचें गिऱ्हाईक त्यानें कांहीं अंशीं ओढून घेतलें, हें खरें. तेव्हां आज उडप्याच्या जागीं दुसरा कोणी आला तर तक्रार कोणी कोणाविरुद्ध करावी?

परमिट रूम

हा विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. पण तो गाळला तर हिशोब अपुरा राहील. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें मद्यपान निषिद्ध ठरलें. पुढें बंधनें सैल झालीं तेव्हां परवानाधारकास पिण्याची मुभा असलेली खोली म्हणून "परमिट रूम" हा शब्द जन्मास आला. कायदा आजहि तोच आहे, आणि कागदोपत्रीं पिणाऱ्यास परवाना लागतोच. चहाच्या पेल्यावर भागेना तेव्हां कित्येक इराण्यांनीं आणि उडप्यांनीं बिअरचा परवाना काढून दुकान तगविलें. ज्या टेबलाशीं विद्यार्थी अभ्यास करीत, तेथून आपलीं मुलें आपोआपच दूर झालीं.

या धंद्याचें आयुष्यहि बेभरंवशाचें आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2016 च्या निकालानें 1 एप्रिल 2017 पासून महामार्गांलगतचे मद्यालय एका रात्रींत बंद पडले. पुढें त्याच वर्षीं नगरपालिका हद्दींपुरती सवलत मिळाली. 29 डिसेंबर 2017 च्या रात्रीं कमला मिलच्या आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांस आग लागून 14 माणसें मृत्युमुखीं पडलीं. जेथें पूर्वीं गिरणी चाले, तेथें मौजेस गेलेलीं तरणीं मुलें परत आलीं नाहींत. दुकान उघडतांना पाटीपेक्षां बाहेर पडण्याची वाट आधीं पाहावी, हा धडा फार महाग पडला.

दारें कां मिटतात

आमचा जन्म मुलांना गणितें घालण्यांत गेला; तेव्हां एक गणित वाचकांसहि घालतों. समजा, चार खुर्च्यांचें एक टेबल आहे आणि चहाचा पेला वीस रुपयांस आहे. एक गृहस्थ एक पेला घेऊन एकटाच तासभर बसला, तर टेबलाचें उत्पन्न वीस रुपये. तेंच टेबल त्या तासांत चौघांनीं तीनदां भरलें, तर बारा पेले, म्हणजे दोनशें चाळीस रुपये. मग पहिल्या गृहस्थास इतकीं वर्षें बसूं दिलें तें कोणाच्या जिवावर?

उत्तर 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यांत आहे. त्या कायद्यानें जुन्या जागांचें प्रमाणभूत भाडें 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याशीं बांधून टाकिलें. जिन्नसांचे भाव वाढत गेले, भाडें जागच्या जागीं राहिलें. म्हणजे आपल्या तासभराच्या गप्पांचें मोल घरमालक भरीत होता, आणि तो तें इमारतीच्या दुरुस्तींतून कापून घेत होता. 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यानेंहि जुन्या भाडेकरूंचें संरक्षण बहुतांशीं राखिलें. वाढ दिली ती वर्षास शेंकडा चार. परिणामीं दुकान टिकलें, पण डोक्यावरचें छप्पर खचलें. आज इमारत पाडून नवी बांधितात, तेव्हां दुकानहि पडतें. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गासाठीं गिरगांव-काळबादेवीच्या कित्येक जुन्या इमारती गेल्या, त्यांत तळमजल्यावरचीं दुकानेंहि हललीं.

जें नवीन कॅफे उघडतें, तें ठराविक मुदतीच्या करारावर. मुदत संपली कीं मालक बाजारभावानें पैसे मागतो, आणि गिऱ्हाइकाची संवय लागते न लागते तोंच दार मिटतें. जहांगीर कलादालनाच्या व्हरांड्यांत 1964 पासून असलेलें "समोवार" सुद्धां जागेच्या वादांत 31 मार्च 2015 रोजीं बंद झालें. 2020 च्या मार्चांत टाळेबंदी आली आणि ऑक्टोबरापर्यंत उपाहारगृहांत बसून खाण्यास मनाई राहिली. ज्यांची गांठ तोकडी होती, त्यांचीं कुलुपें पुन्हां निघालींच नाहींत.

पण एक कारण कायद्याच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. आमचा एक जुना विद्यार्थी गिरगांवांत वडिलांचें उपाहारगृह चालवीत असे. दुकान बंद करण्याच्या आदल्या दिवशीं त्यानें आम्हांस चहास बोलाविलें. भाडें, गॅस, आचाऱ्याचा पगार, मोबाईलवरून मागविलेल्या अन्नावर द्यावें लागणारें कमिशन, सर्व आंकडे त्यानें वहींत मांडून दाखविले. मग वही मिटून तो म्हणाला, "सर, हे आंकडे ओढून-ताणून जुळले असते. पण पहाटे चार वाजतां उठून पीठ कोण पाहणार? मुलगी डॉक्टर झाली, मुलगा कॅनडांत आहे. त्यांना शिकविण्यासाठींच तर बाबांनीं हें दुकान चालविलें." यावर आम्हीं काय बोलणार? ज्या दुकानानें मुलांस शिकविलें, त्या शिक्षणानेंच दुकानास वारस उरूं दिला नाहीं. यांत दोष कोणाचाच नाहीं. कयानीसारखीं जीं दुकानें शंभरी ओलांडून उभीं आहेत, तेथें कोणी तरी तो गल्ला सांभाळण्यास राजी झाला, एवढें मात्र खरें.

सरकारी आज्ञेनें हीं दुकानें निर्माण होत नाहींत, याचाहि अनुभव आहे. 1995 सालीं एक रुपयांत झुणका-भाकर देणारीं केंद्रें राज्यभर उघडलीं. हेतु उत्तम होता. परंतु पुष्कळ ठिकाणीं जागा झुणक्याची आणि विक्री भलत्याच जिनसांची असा प्रकार झाला, आणि 2000 सालीं ती योजना गुंडाळली गेली. उपाहारगृहास जागा व शिधा लागतोच. पण त्याहून अधिक लागतो तो गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक ओळखणारा माणूस.

आपण काय करावें

जुनें तें सोनें म्हणून उसासे टाकण्यांत आम्हांस गोडी नाहीं. आजच्या कॅफेंत मुलगी एकटी बसून निर्धास्तपणें वाचीत असते, हें दृश्य जुन्या खाणावळींत दिसत नव्हतें. तो लाभ लहान नाहीं. परंतु तेथें एका पेल्यास जे रुपये पडतात, ते देण्याची ऐपत नसलेल्या माणसानें कोठें बसावें? दहा बाय बाराच्या खोलींत आठ माणसें राहतात, तेथील मुलानें अभ्यासास कोठें जावें? निवृत्त झालेल्या, घरांत अडचण होऊं लागलेल्या म्हाताऱ्यानें तासभर कोठें काढावा? खेड्यांत या प्रश्नाचें उत्तर पार होतें, वाड्यांत ओसरी होती. मुंबईची ओसरी म्हणजे हें चहाचें दुकान. तें गेलें कीं मोठ्या घरवाल्यांचें कांहीं बिघडत नाहीं. ज्याच्या घरास ओसरी नाहीं, त्याचीच बसण्याची जागा जाते.

यासाठीं दोन साध्या सूचना करून हा लेख पुरा करितों. आपल्या आळींत असें दुकान तगून असेल, तर महिन्यांतून दोनदां तरी घरच्या मुलांसह तेथें जावें, फोनवरून मागवूं नये. आणि गर्दीची वेळ असेल तर खाऊन झाल्यावर खुर्ची सोडावी, म्हणजे निवांत वेळीं बसणाऱ्या गरिबाची सोय दुकानदारास परवडेल. दुसरी सूचना घरांतल्या वडिलांस. एखाद्या मुलानें वा मुलीनें "मी उपाहारगृह काढतें" म्हटलें, तर पदवीची आठवण देऊन तिला गप्प करूं नये. अन्नदानास आपण पुण्य म्हणतों. रोख पैसे घेऊन चोख अन्न देणें आणि आलेल्यास बसूं देणें, यास निदान प्रतिष्ठित धंदा तरी म्हणावें.